एचआयव्ही संसर्ग आणि रक्तपेशींची निर्मिती

एचआयव्ही हा विषाणू प्रामुख्याने सीडी४ टी-पेशींचा नाश करणारा म्हणून ओळखला जातो. तथापि अस्थिमज्जेत होणारी इतर रक्तपेशींची निर्मितीही त्याच्या संसर्गामुळे मंदावते. उपचार न घेतलेल्या रुग्णांत रक्तक्षय, पांढऱ्या पेशींची घट आणि बिंबाणूंची म्हणजेच प्लेटलेटची घट आढळते. यांपैकी रक्तक्षय सर्वाधिक आढळतो.

अस्थिमज्जेवरील परिणाम

ज्या मूलपेशींपासून सर्व रक्तपेशी तयार होतात, त्यांना विषाणूचा थेट संसर्ग क्वचितच होतो. असा संसर्ग कितपत होतो याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. निर्मिती घटण्याचे मुख्य कारण मूलपेशींच्या परिसरात आहे. मज्जेतील मॅक्रोफेज या भक्षक पेशी बाधित झाल्या की पेशीवाढीस आवश्यक प्रथिनांचा स्राव बिघडतो आणि टीएनएफ-अल्फासारखी दाहकारक द्रव्ये वाढतात. दीर्घकालीन दाहामुळे हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते व लोह साठ्यांतच अडकून पडते. त्यामुळे शरीरात लोह असूनही तांबड्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत. क्षयरोगाचे जंतू आणि पार्व्होव्हायरस बी१९ मज्जेत शिरल्यास ही स्थिती आणखी बिकट होते.

बिंबाणूंच्या बाबतीत हानी दुहेरी असते. त्यांच्या जनक पेशींवर सीडी४ ग्राही असल्याने त्या स्वतः बाधित होऊ शकतात. शिवाय प्रतिपिंडे चिकटलेले बिंबाणू प्लीहेत नष्ट केले जातात. काही रुग्णांत हीच घट संसर्गाची पहिली खूण ठरते.

प्रतिकारपेशी

निरोगी प्रौढाच्या रक्तात दर घन मिलिमीटरमागे साधारणतः ५०० ते १,५०० सीडी४ पेशी असतात. ही संख्या २०० च्या खाली गेल्यास एड्सची अवस्था मानली जाते. आतड्याच्या अस्तरातील बहुसंख्य सीडी४ पेशी मात्र संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच नष्ट होतात, त्यामुळे केवळ रक्ततपासणीवरून हानीचा पूर्ण अंदाज येत नाही. नव्या टी-पेशी घडवणाऱ्या थायमस ग्रंथीचे कार्यही खालावते.

उपचार

१९८७ मध्ये मान्यता मिळालेले झिडोव्हुडिन हे पहिले औषध स्वतःच मज्जेचे कार्य दडपते. त्याने तांबड्या पेशींचा आकार वाढतो. रुग्ण गोळ्या नियमित घेतो की नाही, हे डॉक्टर काही वेळा त्यावरून ताडत. संयुक्त औषधोपचाराने रक्तघटक बहुधा सुधारतात, परंतु उपचार उशिरा सुरू झाल्यास सीडी४ संख्या कमीच राहू शकते.

रक्ताच्या कर्करोगासाठी टिमोथी रे ब्राउन यांच्यावर २००७ मध्ये बर्लिन येथे मूलपेशींचे प्रत्यारोपण झाले. दात्याच्या पेशींवर विषाणूच्या प्रवेशास लागणारा सीसीआर५ ग्राही नव्हता. या मूलपेशींपासून नवे रक्त तयार झाल्यावर ब्राउन एचआयव्हीमुक्त झाले. मात्र प्रत्यारोपणातील जिवाचा धोका पाहता हा मार्ग सर्वसाधारण रुग्णांसाठी वापरला जात नाही.