आपला परमाणू आणि शाळेतला अणू



दशलक्षण पर्वात दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय होतात. पाचव्या दिवशी पाचवा, अजीव द्रव्यांचा. पुद्गल, परमाणू, स्कंध सगळं त्यातच येतं. काही वर्षांपूर्वी खुलताबादला आमच्या स्वाध्यायात तो सांगायची पाळी माझी होती. मी ऐटीत म्हणाले, "विज्ञानाला अणू आत्ता कळला, आपल्या आचार्यांनी कधीच सांगून ठेवलाय." आईबरोबर आलेली नववीतली एक मुलगी म्हणाली, "आजी, अणू तर फुटतो. मग तुमचा परमाणूपण फुटतो का?"

मला उत्तर देता आलं नाही. मी कॉमर्सची. घरी येऊन नातवाचं विज्ञानाचं पुस्तक आणि सूत्राची टीका शेजारी शेजारी घेऊन बसले.

उमास्वामी आचार्यांचा परमाणू म्हणजे ज्याचे आणखी भाग पडतच नाहीत तो पुद्गल. त्याला एक रस, एक गंध, एक वर्ण आणि दोन स्पर्श. स्निग्ध-रूक्ष गुणांमुळे परमाणू बांधले जाऊन स्कंध होतो, पण सरसकट नाही. गुणाची मात्रा अगदी कमी असेल तर बंध होत नाही, आणि दोन मात्रांचा फरक लागतो. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा बारकावा! रोज कोरड्या पिठात पाणी घालणाऱ्या आपल्याला तो लवकर कळतो.

आता दुसरं पुस्तक. मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने १८०८ मध्ये अणूवर ग्रंथ काढला. त्याचा आधार वजनाचा. आजच्या आकड्यांत सांगायचं तर १२ ग्रॅम कार्बनला १६ ग्रॅम ऑक्सिजन लागला तर एक वायू होतो, ३२ लागला तर दुसरा. मधलं काही नाही. सुटं तेल हवं तेवढं मिळतं, पिशव्या मात्र एक, दोन अशाच येतात, तसं. म्हणजे पदार्थ पिशवीबंद आहे! हे मला हिशेबाची असल्यामुळे फार आवडलं.

१८९७ मध्ये थॉमसनला अणूहून कितीतरी हलका इलेक्ट्रॉन सापडला. १९०९ मध्ये रुदरफोर्डकडच्या गायगर आणि मार्सडेनने धातूच्या पातळ पत्र्यांवर, सोन्याच्या वरखावरही, कण सोडले (मिठाईवरचा चांदीचा वरख आपण टाळतो, तो विषय वेगळा). बहुतेक आरपार गेले, हजारोंतला एखादा उलटा फिरला. त्यावरून १९११ मध्ये रुदरफोर्डने सांगितलं की अणूच्या मधोमध इवलंसं जड केंद्रक आहे, बाकी बहुतेक पोकळी. आपल्या वेरूळच्या कैलास लेण्याच्या अंगणाएवढा अणू धरला, तर केंद्रक राईच्या दाण्याएवढं.

घोळ नावाचा आहे. तिकडे 'न कापता येणारा' अशा अर्थाचा ग्रीक शब्द घेतला, इकडे पाठ्यपुस्तकांनी आपला 'अणू' घेतला. वस्तू फुटली, नाव तेच राहिलं. आपल्या भाषेत बोलायचं तर शाळेतला अणू हा स्कंधच.

मग इलेक्ट्रॉन म्हणजे परमाणू का? स्निग्ध-रूक्ष म्हणजे धन-ऋण भार, असं मीही प्रवचनात ऐकलंय. पण दोन ऋण भार एकमेकांना ढकलतात. सूत्रात मात्र दोन मात्रांचा फरक असेल तर स्निग्धाचा स्निग्धाशीही बंध होतो. जुळत नाही. आचार्यांनी परमाणू तराजूत घातला नव्हता आणि डाल्टनला त्याचा रस-गंध नको होता. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात दाखवली की ताळेबंद तेवढ्यापुरता जुळतो, ऑडिटला सापडतो.

एक गोष्ट मात्र मनाला सुखावते. वैशेषिकांनी पृथ्वी, जल, तेज, वायू यांचे परमाणू वेगळे मानले, आपल्याकडे सगळे एकाच जातीचे. आज सोन्यात ७९ प्रोटॉन आणि पाऱ्यात ८०, पण प्रोटॉन तोच. साम्य एवढंच, पुरावा म्हणून मी ते मांडणार नाही.

पुढच्या वर्षी पाचव्या दिवशी, तो उत्तम सत्याचा, मी आधी माझी चूक सांगितली. ती मुलगी दहावीच्या क्लासला गेली होती. तिच्या आईजवळ निरोप दिला.