ऑन्टॉलॉजी-एकीकरण (कॅटेगरी सिद्धांताधारित)

एखाद्या क्षेत्रातील संकल्पना व त्यांचे परस्परसंबंध संगणकाला वाचता येतील असे मांडले की जो आराखडा तयार होतो, त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. निरनिराळ्या खात्यांचे असे आराखडे अर्थ न बिघडवता जोडणे म्हणजे एकीकरण. सॅम्युएल आयलेनबर्ग आणि सॉन्डर्स मॅक लेन यांनी 1945 मध्ये मांडलेला कॅटेगरी सिद्धांत त्याला पाया पुरवतो. त्यात वस्तूंहून महत्त्व बाणांना, म्हणजे दिशा असलेल्या संबंधांना असते.

नावे जुळली की संकल्पना जुळल्या, हा समज घातक आहे. उदाहरणार्थ, 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणामुळे भीमाकाठची अनेक गावे उठली. करमाळा तालुक्यात (जि. सोलापूर) वांगी, केत्तूर, चिखलठाण ही नावे आज क्रमांकांसह चालतात. ‘वांगी नं. 2’कडून ‘वांगी’कडे बाण काढता येतो, उलट दिशेने नाही, कारण येथे बाणाचे उत्तर एकच असावे लागते आणि नुसत्या ‘वांगी’ला अनेक उत्तरे आहेत.

सातबाऱ्यात हा प्रश्न अधिक खोल जातो. प्रत्येक गट एकाच गावात असतो, म्हणून गटाकडून गावाकडे बाण सरळ जातो. खातेदाराकडे तसा जात नाही: सामाईक गटाला अनेक खातेदार, एका खातेदाराचे अनेक गट. म्हणून ‘धारणा’ ही वेगळी वस्तू मानून तिच्यापासून गटाकडे एक आणि खातेदाराकडे एक असे दोन बाण काढावे लागतात. समजा, दुसऱ्या एखाद्या यादीत पिकाची नोंद गटावर आहे, खातेदारावर नाही. गट व गाव हा समाईक भाग धरून दोन्ही आराखडे जोडले की मिळणाऱ्या रचनेला ‘पुशआउट’ म्हणतात. पीकनोंदीत गाव स्वतंत्र लिहिले असेल, तर ते आणि गटामार्गे मिळणारे गाव एकच असावे, अशी अट आराखड्यातच घालता येते. न जुळणाऱ्या नोंदी लगेच उघड्या पडतात. पीक कोणत्या खातेदाराचे, हे मात्र या जोडणीतून निघत नाही. तो बाण कुठल्याच यादीत नव्हता. अनुदान वा विमा वाटताना तो गृहीत धरणे अन्यायाचे ठरेल.

भिन्न तर्कपद्धतींचे आराखडे जोडण्यासाठी जोसेफ गोग्वेन व रॉड बर्स्टल यांनी ‘इन्स्टिट्यूशन’ची संकल्पना मांडली. डेव्हिड स्पिवॅक व रॉबर्ट केंट यांनी 2012 मध्ये ‘ऑलॉग’ ही सोपी चित्रभाषा दिली.

समाईक भाग कोणता, हे गणित सांगत नाही. ते नोंदी ठेवणाऱ्यांनी व शेतकऱ्यांनीच ठरवायचे असते. शिवाय पुशआउट नेहमी सुसंगत निघतेच असे नाही. एक आराखडा गटात हंगामाला एकच पीक मानत असेल आणि दुसरा उसातले आंतरपीक नोंदवत असेल, तर जोडल्यावर विरोध तसाच उरतो.