जोंगाचे वय

मदन महलच्या टेकडीवर, एका प्रचंड शिळेच्या पाठीवर गोंडांचा जो चिमुकला किल्ला बसला आहे, त्याच्यासमोर पागेचे अवशेष दिसतात. त्या घोड्यांचे काम ज्या वाहनाने पुढे केले, तेही योगायोगाने याच जबलपुरात जन्मास आले. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला. १९५९ पासून तेथे जर्मन परवान्याने शक्तिमान ट्रक बनू लागले आणि १९६९ मध्ये सैन्याची जोंगा रस्त्यावर आली. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून हे सुटसुटीत नाव सिद्ध झाले. घडण मात्र जपानच्या निसान कंपनीची.

सैन्याने निवृत्त केलेल्या जोंगा लिलावात निघाल्या, तेव्हा हौशी मंडळींनी त्या उचलल्या. मागच्या प्रशस्त जागेत वळकटी आणि स्टोव्ह ठेवला, की फिरते बिऱ्हाड तयार! बदल्यांच्या नोकरीत ज्यांचा संसार ट्रंकांतच राहिला, त्यांना या मोहाचे स्पष्टीकरण नको.

अडचण आहे ती इंजिनाची. सहा सिलिंडरांचे, ३,९५६ घनसेंटीमीटरचे हे पेट्रोल इंजिन अंगाने जसे दांडगे, तसेच तहानेनेही. म्हणून पुष्कळांनी ते काढून डिझेल इंजिन बसविले. १९९६ मध्ये खुद्द कारखान्यानेच नागरिकांसाठी हिनो डिझेलच्या काही जोंगा काढल्या होत्या. तेव्हा या कृत्यास अगदीच पाखंड म्हणता येत नाही. तरीही सैन्यात राबलेल्या गाडीचे मूळ काळीज काढून उरते ते केवळ कलेवर, असे माझे मत आहे.

सरकारचे मतही फारसे निराळे नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीस वीस हजार रुपये शुल्क भरून ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. अट अशी, की सांगाडा, साठा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. परंतु ही पन्नास वर्षे मोजावयाची पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. सैन्याच्या गाडीवर बाणाचे चिन्ह असलेला सैनिकी क्रमांक असतो. मुलकी नोंदणी होते ती लिलावानंतर. नियमाचा शब्दशः अर्थ लावला, तर १९७० ची जोंगा १९९५ मध्ये विकली गेली असल्यास तिचा जन्म १९९५ चाच ठरावयाचा! सैन्यातील पंचवीस वर्षे सेवापुस्तकातून बाद! निवृत्तिवेतनाचे हिशेब तपासणाऱ्या आपल्या वाचकांना हा अन्याय चटकन उमगेल. तूर्त ग्राहकाने लिलावाचा कागद मागावा, त्यावरील सांगाड्याचा क्रमांक गाडीखाली वाकून ताडून पाहावा, आणि मगच बयाणा द्यावा.