जप्ती आणि पत

तीन हप्ते थकले आणि फायनान्सवाल्यांनी माझ्या भाच्याचा टेम्पो उचलून नेला. लिलावाचे पैसे वजा जाऊनही बाकी त्याच्याच नावावर. "मामू, गाडी गेली ते सोडा, सिबिल बिघडलं. आता कुणी दारात उभं करत नाही." मला सुपे आठवलं.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस तेजीत होता तेव्हा सावकार मागेल तेवढं देत. तेजी सरली, सारा वाढला आणि त्यांनीच हात आखडला. १८५९ च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षं, म्हणून थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेत. वर्गात मुलं विचारतात, सर, अंगठा दिलाच का? वाचता येत नव्हतं म्हणून. (भाच्याला येतं. करारनामा त्यानेही वाचला नव्हता.)

१८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला कर्जापायी होणारी कैद थांबली, न्यायाधीशाला रोख्यामागचा हिशेब तपासता येऊ लागला. तेव्हा सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत मागू लागले.

भाच्याची नोंद जाळता येत नाही. बाकी फेडायची, नाहरकत दाखला घ्यायचा, अहवालात 'सेटल्ड'ऐवजी 'क्लोज्ड' लागलंय का ते पाहायचं. सोमवारी आम्ही दोघं लिलावाचा हिशेब मागायला जातोय.