उंबरठ्यावरचा प्लेग

धनत्रयोदशीच्या दिवशी आपल्याकडे दोन देवांची आठवण होते. वैद्यमंडळी धन्वंतरीची पूजा करतात आणि प्रसाद म्हणून कडुनिंबाची पाने व साखर वाटतात; तिन्हीसांजेला घरोघरी कणकेचा दिवा लावून त्याची ज्योत दक्षिणेकडे करतात, तो यमासाठी. औषध देणारा आणि प्राण नेणारा ह्या दोघांना एकाच दिवशी मान देणाऱ्या समाजात आजारपण ही एकट्या रोग्याची बाब असूच शकत नाही. त्यात घर येते, जात येते, देव येतो आणि सोवळे-ओवळेही येते. म्हणून दिवाळीच्या अंकात प्लेगाची हकीकत सांगायला बसलो, तर वाचकांनी ती अभद्र मानू नये. ह्या एका साथीने आपल्या वाडवडिलांना असा प्रश्न विचारला की, त्याचे उत्तर आपण अजून पुरते दिलेले नाही. प्रश्न साधा होता : रोगी कोणाचा? घराचा की सरकारचा?

प्लेगाकडे वळण्यापूर्वी देवीच्या रोगाविषयी दोन शब्द सांगतो. मराठीत त्या रोगाला वेगळे नावच नाही. आपण नुसते ‘देवी’ म्हणतो. मुलाच्या अंगावर फोड उठले की रोग झाला असे कोणी म्हणत नसे, ‘देवी आल्या’ म्हणत. पाहुणी आली की घराने जसे वागावे तसे घर वागे. उंबऱ्यावर कडुनिंबाचा टहाळा, स्वयंपाकात फोडणी नाही, मोठ्याने बोलणे नाही, परक्याला आत प्रवेश नाही. श्रद्धेच्या ह्या नियमांत रोग्याला विसावा आणि बाहेरच्यांना संरक्षण दोन्ही आपोआप मिळत. पण त्याच श्रद्धेचा दुसरा परिणाम असा की, आलेल्या देवीला हुसकावणे हा अपराध वाटे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली देवीची लस टोचली गेली. त्या काळी लस बाटलीत येत नसे. एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस दुसऱ्याच्या दंडात घालत. आता कोणाच्या दंडातले कोणाच्या अंगात गेले, हा प्रश्न आपल्या समाजात किती अवघड असेल, हे वेगळे सांगायला नको. तरीही लोकांनी ती हळूहळू स्वीकारली. आणि गंमत पाहा, लशीलाही नाव दिले ते ‘देवी टोचणे’! भाषेने देवतेला आणि डॉक्टरला एकाच ओसरीवर बसवले. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी आढळला नाही. रोग गेला, शब्द तेवढा राहिला.

देवीला हा मेळ घालायला वेळ मिळाला होता. प्लेगाने तो दिला नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस ह्यांनी रोग्याच्या जांघेतली गाठ आणि ताप पाहून हा प्लेग असल्याचे निदान केले. गृहस्थ मूळचे गोव्याचे, बारदेशातल्या हडफड्याचे. गोदामांच्या त्या दाट वस्तीतून रोग पाहता पाहता शहरभर पसरला. ऑक्टोबरात महापालिकेने हुकूम काढला की रोग्याला घरातून काढून इस्पितळात नेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना राहील. इथे ठिणगी पडली.

इस्पितळ म्हणजे काय, ही त्या काळच्या माणसाची समजूत ध्यानात घेतली पाहिजे. आजारी माणसाची जागा घरी होती. त्याचे अंथरूण माजघरात, उशाशी आई किंवा बायको, पायथ्याशी देवाचा अंगारा. वेळ आलीच, तर मुखात गंगाजल घालायला मुलगा जवळ हवा. इस्पितळात जाई तो ज्याला कोणी नाही असा. तिथे पाणी कोणाच्या हातचे, पेज कोणी शिजवलेली, शेजारच्या खाटेवर कोण, आणि मेल्यावर देह कोणाच्या हाती, ह्यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर घराला मिळत नसे. मुसलमान घरांत पडद्याचा प्रश्न, पारशांच्या घरी अंत्यविधीचा प्रश्न. प्रत्येकाची काळजी वेगळी आणि भीती एकच. शिवाय इस्पितळात गेलेले बहुतेक परत येत नसत. कारण उघड होते. लोक रोगी लपवून ठेवत, तो अगदी शेवटच्या घटकेला सापडे, आणि इस्पितळात पोचताच दगावे. इस्पितळच मारते अशी लोकांची खात्री होई, आणि ते पुढचा रोगी आणखी खोल लपवत.

अशा भीतीतून अफवा जन्मतात. इस्पितळात माणसांना उलटे टांगून त्यांच्या अंगातून ‘मोमयाई’ काढतात, असे मुंबईत लोक शपथेवर सांगत. कोणी म्हणे, राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले, त्याचा हा सूड आहे. आज आपण हसतो. पण अफवा ही अविश्वासाची भाषा असते, आणि ती भाषा सरकारने वाचली नाही. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे एक हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. जे इस्पितळ त्यांना वाचवण्यासाठी उभारले होते, त्याच्यावर! हेच इस्पितळ आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला, आणि त्याच महिन्यात पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड हा अधिकारी आला. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत गोऱ्या शिपायांच्या टोळ्या घरोघर झडत्या घेत फिरल्या. शिपाई बूट घालून देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरत. सामान रस्त्यावर काढून जाळत. काखेत आणि जांघेत गाठ आहे का हे पाहण्यासाठी बायाबापड्यांनाही उघड्यावर तपासत. सगळे घरदारच वेगळ्या छावणीत नेत. ‘केसरी’तून लोकमान्य टिळकांनी ह्या पद्धतीवर टीका केली, पण स्वच्छता नको, विलग ठेवणे नको, असे त्यांनी म्हटले नाही. अनेक पुढारी शहर सोडून गेले असता ते पुण्यात राहिले आणि त्यांनी हिंदूंसाठी वेगळे प्लेगाचे इस्पितळ काढले. पंडिता रमाबाईंनीही त्या वर्षी पुण्यातल्या सरकारी प्लेग-इस्पितळाच्या कारभाराविषयी वृत्तपत्रात कडक पत्र लिहिले. टिळक आणि रमाबाई ह्यांचे फारसे कशावर जमत नसे. पण रोग्याला माणसासारखे वागवावे ह्यावर दोघांचे एकमत झाले, ही गोष्ट लहान नव्हे.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सोबतचा आयर्स्ट जागीच मेला. रँड ३ जुलैला. पुढचा फाशीचा आणि राजद्रोहाच्या खटल्याचा इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. मला त्यात एक गोष्ट वेगळी दिसते. ह्या गोळीचे मूळ दरबारात किंवा रणांगणावर नव्हते. ते देवघराच्या उंबरठ्यावर होते.

मुंबईत मात्र मध्येच एक शहाणपणाची वाट निघाली. जनरल गॅटेकर ह्यांच्या प्लेग-समितीच्या अमदानीत जातीजमातींना आपापली इस्पितळे काढायला उत्तेजन मिळाले. पारशी, भाटिया, जैन, खोजा, मेमन, मराठा अशी किती तरी इस्पितळे उभी राहिली. तिथे आपल्या हातचे पाणी, आपला आचारी, आपली प्रार्थना, आणि उशाशी आपले माणूस. ज्या घरांनी दाराला कड्या लावल्या होत्या, ती घरे स्वतः रोगी आणून पोचवू लागली. औषध तेच, ताप तोच; बदलले एवढेच की रोग्याला अनोळखी जागी टाकले असे वाटेना. अर्थात सरकारने धडा पुरता घेतला नव्हता. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत एका बारा वर्षांच्या मुलीला तपासण्यावरून मोठी दंगल उसळली, आणि त्यानंतर कुठे सक्तीचे नियम सैल झाले.

पण ह्या जातीच्या इस्पितळांचे कौतुक करताना पेन अडखळते. ज्यांच्या जातीत धनिक शेट होते, त्यांचे इस्पितळ झाले. ज्यांच्या जातीत कोणीच शेट नव्हता त्यांनी काय करावे? ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्या उशाशी कोणी बसावे? ह्या प्रश्नाचे उत्तर पुण्याजवळ हडपसरच्या माळावर एका सहासष्ट वर्षांच्या विधवा बाईने दिले. सावित्रीबाई फुले ह्यांनी आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंत ह्याला बोलावून घेऊन ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड ह्यांच्या मुलाला गाठ आल्याचे कळताच त्या तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मूल वाचले. बाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. गोऱ्या शिपायांच्या झडत्या सुरू व्हायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. रोगी कोणाचा, ह्या प्रश्नावर सरकार म्हणत होते ‘आमचा’, घर म्हणत होते ‘आमचा’, जात म्हणत होती ‘आमचा’. जो कोणाचाच नव्हता, त्याला सावित्रीबाईंनी पाठीवर घेतला.

आता शास्त्राची बाजू पाहू, कारण तिथेही एक मौज आहे. वाल्देमार हाफकिन हा शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करू लागला. जंतू वाढवण्यासाठी मांसाचा रस लागतो. गाईचा घ्यावा तर हिंदूंचा धर्म आडवा, डुकराचा घ्यावा तर मुसलमानांचा. त्याने बकऱ्याचे मांस वापरले, आणि जंतू नीट वाढावेत म्हणून रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले! १० जानेवारी १८९७ रोजी त्याने पहिली लस स्वतःलाच टोचून घेतली. तरी लोक कचरत होते. तेव्हा तरुण आगाखानांनी चारचौघांत स्वतः लस टोचून घेतली, आणि त्यांचे अनुयायी पुढे सरसावले. पुस्तकातल्या आकड्यांनी जे झाले नसते, ते गुरूच्या उघड्या दंडाने केले.

आणि लोकांचे शहाणपण? माझ्या आजीच्या तोंडी वर्षांचे हिशेब इसवी सनात नसत. अमक्याचा जन्म ‘प्लेगाच्या आदल्या साली’, तमकीचे लग्न ‘झोपड्यांत असताना’. घरात उंदीर पडला की घर सोडायचे आणि गावाबाहेर माळावर झोपडी बांधून राहायचे, हा त्या पिढीचा नेम होता. सरकारी शिपाई माणसांच्या काखा तपासत होते, तेव्हा ही अडाणी म्हणवणारी माणसे उंदराकडे बोट दाखवत होती. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों ह्या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले की, प्लेग उंदरावरच्या पिसवांतून माणसाला होतो. म्हणजे माणसांना ओढून नेऊन फारसे साधत नव्हते. घर सोडण्याने साधत होते. मात्र परंपरेचे सगळेच बरोबर होते असेही नाही. रोगी लपवणे, सुतकाला आणि भेटीला गर्दी करणे, लशीला नकार देणे, ह्यांनी किती घरे बसली ह्याला गणती नाही. त्या साथीने पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत तोच १८९७ चा कायदा महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. पुन्हा दारावर पाट्या लागल्या, पुन्हा रोगी घरातून नेले गेले, पुन्हा शेवटचे तोंड पाहायला मिळाले नाही. फरक असा की, ह्या वेळी सौम्य आजाराच्या रोग्याला घरीच वेगळ्या खोलीत राहण्याची मुभा पुढे मिळाली, आणि इस्पितळात कोणी सहृदय परिचारिका आपल्या हातातला फोन रोग्याच्या तोंडासमोर धरून त्याला घरच्यांशी बोलायला लावी. शास्त्राला ते औषध वाटले नसेल, पण त्या रोग्याला विचारा. आजही आपल्या इस्पितळांच्या जिन्यात संध्याकाळी डबे घेऊन माणसे बसलेली असतात. डॉक्टरांना त्यांची अडचण होते हे खरे. पण त्या डब्यात नुसता वरणभात नसतो; ‘तू अजून आमचा आहेस’ हा निरोपही असतो. तो निरोप रोग्यापर्यंत पोचेल आणि जंतू मात्र पोचणार नाही, अशी व्यवस्था करणे अवघड असले तरी अशक्य नाही. गॅटेकरांच्या मुंबईने ती शंभरावर वर्षांपूर्वी अर्धीमुर्धी का होईना करून दाखवली होती.

मुंबईकर वाचकांपैकी कोणी ह्या दिवाळीत खरेदीला धोबीतलावाकडे गेले, तर मेट्रो सिनेमासमोर डॉ. व्हिएगस ह्यांचा पुतळा आहे, तो मुद्दाम पाहावा. मुलांनी विचारलेच हा कोण, तर त्यांना हडफड्याच्या ह्या डॉक्टरची गोष्ट सांगावी. आणि तिथे उभे आहोतच, तर ससाणे मळ्यातल्या त्या बाईंचीही.