जमिनीखालचे दोन आणे

पेनसिल्वेनियातल्या शेतकऱ्याच्या टपालात कधीकधी असे पत्र असते: तुमच्या जमिनीखालच्या नैसर्गिक वायूचे हक्क आम्ही एकरी अमुक डॉलरने कायमचे विकत घेतो, वरची जमीन तुमचीच राहील. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला असे पत्र येणार नाही. सात-बारावर नाव कुणाचेही असो, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 ने खनिजांचा हक्क राज्य सरकारकडे ठेवला आहे. मलबारातल्या जन्मी जमीनमालकांची भूगर्भातली मालकी सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये मान्य केली, पण तेल-वायू काढायला परवाना सरकारचाच लागतो. जगात बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे. मग अमेरिकेतला शेतकरी पायाखालचा वायू विकतो तो कोणत्या अधिकाराने?

मूळ इंग्लंडमध्ये सापडते. कंबरलँड परगण्यात केझिकजवळ अर्ल ऑफ नॉर्थंबरलँडच्या जमिनीत तांबे निघाले आणि राणी पहिल्या एलिझाबेथने त्यावर हक्क सांगितला. 1568 चा निकाल राणीच्या बाजूने लागला: सोने-चांदी कुणाच्याही जमिनीत सापडो, ते राजसत्तेचे, तांब्यात त्यांचा अंश असला तर ते तांबेही राजसत्तेचेच. पण यातूनच उरलेल्या गोष्टीही ठरल्या. सोन्याचांदीची नसलेली खनिजे जमीनमालकाची, आणि दगडी कोळसा त्यात आला. अटलांटिक ओलांडून गेलेल्या वसाहतींनी हाच कायदा सोबत नेला. टेक्सासची वाट वेगळी होती. तिथे स्पेनचा कायदा होता, म्हणून खनिजे आधी राजाची, मग मेक्सिकोची, मग टेक्सास सरकारची होत गेली. 1866 च्या राज्यघटनेने, तोवर लोकांना दिलेल्या जमिनींखालची खनिजे त्या त्या मालकांना सोडून दिली.

एकदा मालकी आली की ती तोडून विकताही येते. पेनसिल्वेनियात कोळसा कंपन्यांनी तेच केले: वरची शेती शेतकऱ्याकडे ठेवून खालचा कोळसा तेवढा खरेदी केला. एकाच शेताचे दोन मालक झाले, दोघांची खरेदीखते निराळी, वारसही निराळे. आज टेक्सासच्या उपनगरात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला खरेदीखतात कधी दिसते की खनिजे आधीच्या मालकाने राखून ठेवली आहेत. त्याचे मूळ हेच.

27 ऑगस्ट 1859 रोजी पेनसिल्वेनियातल्याच टायटसव्हिल गावात एडविन ड्रेकच्या विहिरीला 69.5 फुटांवर तेल लागले, आणि त्या खोऱ्यात भाडेपट्ट्यांची झुंबड उडाली. या पट्ट्यांमध्ये जमीनमालकाच्या रॉयल्टीचा एक आकडा हळूहळू पक्का झाला: उत्पन्नाचा आठवा हिस्सा. आपल्या जुन्या हिशेबाने रुपयात दोन आणे. विहीर खणण्याचा खर्च आणि ती कोरडी निघण्याचा धोका कंपनीचा, म्हणून चौदा आणे कंपनीचे. हा वाटा पुढे इतका अंगवळणी पडला की 1979 मध्ये पेनसिल्वेनियाने कायदा करून तो किमान वाटा ठरवला. आठव्या हिश्शाहून कमी रॉयल्टीचा पट्टा तिथे वैधच नाही. शेतकऱ्याला त्यातून पुरते संरक्षण मात्र मिळाले नाही. हा हिस्सा विहिरीच्या तोंडाशी असलेल्या किमतीवर मोजायचा आणि त्यासाठी वायू शुद्ध करण्याचा, वाहून नेण्याचा खर्च वजा करता येतो, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दिला. दोन आणे कागदावर दोनच राहिले, हातात मात्र कमी पडू लागले.

कोळसा जागचा हलत नाही; वायू हलतो. 1889 मध्ये त्याच न्यायालयाने वायूला रानटी जनावरासारखे मानले: तुमच्या जमिनीत आहे तोवर तुमचा, शेजाऱ्याच्या विहिरीतून बाहेर आला की शेजाऱ्याचा. मला या सगळ्या कुळकथेतला हा सर्वांत दूरगामी निकाल वाटतो. थांबणे हाच तोटा ठरला, आणि घाई करायला लावणाऱ्याच्या हाती कायमचे हत्यार आले. पुढे विहिरींमधले अंतर आणि अनेकांच्या जमिनी एकत्र धरणाऱ्या सामाईक युनिटचे कायदे होऊन ही धावाधाव पुष्कळ आवरली, तरी 'आत्ताच सही करा' हा सूर पत्रांतून गेलेला नाही.

2004 मध्ये वॉशिंग्टन काउंटीत मार्सेलस शेल या खोल खडकाला दाबाने पाणी आणि वाळू सोडून भेगा पाडल्या गेल्या, आणि वायू व्यापारी प्रमाणात मिळू शकतो हे दिसले. सुरुवातीला एकरी शंभर डॉलरच्या आत पट्टे झाले. 2008 पर्यंत काही भागांत तोच आकडा दोन हजारांच्या पुढे गेला. ज्यांनी आधी सही केली त्यांचे शेजारी त्याच खडकासाठी कितीतरी पट घेऊन गेले. त्यानंतर वायूचाच भाव असा कोसळला की 2008 च्या उन्हाळ्यात तेरा डॉलरवर गेलेला वायू एप्रिल 2012 मध्ये दोन डॉलरच्या खाली आला.

पट्टा आणि विक्री यांतला फरक इथे कळीचा आहे. पट्ट्यात हक्क मुदतीपुरता जातो. वायू निघाला नाही तर परत येतो. विक्रीत नातवंडांचा हिस्साही जातो. म्हणून पत्र आले की पहिला प्रश्न किमतीचा नसतो, विकायला आपल्याकडे नेमके काय आहे, हा असतो. एका जुन्या खरेदीखतात 'खनिजे आणि खनिज तेल यांचा अर्धा हिस्सा' राखून ठेवलेला होता. 1881 चा तो कागद 2013 मध्ये पेनसिल्वेनियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने ठरवले की त्यात मार्सेलसचा वायू येत नाही. टेक्सासमध्ये 1924 च्या खरेदीखतात 'अष्टमांशाचा अर्धा' असे शब्द होते. गणिताने तो एक सोळांश, म्हणजे एक आणा. पण त्या काळी आठवा हिस्सा इतका सर्वत्र होता की खनिजांची पूर्ण मालकी सांगायलाही लोक 'अष्टमांश' लिहीत. 2023 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ते ओळखले आणि एक आणा नव्हे, आठ आणे मान्य केले.

कागद स्पष्ट झाला की हिशेब बसतो. 640 एकरांच्या युनिटमध्ये 100 एकर आपले आणि रॉयल्टी आठवा हिस्सा असेल, तर युनिटमधल्या विक्रीत आपला वाटा 0.0195 पडतो. महिन्याला पाच लाख डॉलरचा वायू निघाला तर खर्च वजा होण्याआधी सुमारे 9,766 डॉलर. खरेदीदार बहुधा अशा मासिक उत्पन्नाच्या पटीत बोली लावतात, पण शेलच्या विहिरीचे उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून अधिक उतरणे नेहमीचे आहे. नव्या विहिरीचे पहिले चेक धरून केलेला हिशेब त्यामुळे फसवा निघतो, आणि अजून न खणलेल्या विहिरींची किंमत बोलीत बसली आहे का, हे वेगळे विचारावे लागते. कोणत्या विहिरीला परवाना मिळाला आणि किती वायू निघतो, हे पेनसिल्वेनियाचे पर्यावरण खाते जाहीर करते. शेजारच्या परवान्यानंतर बोली वाढलेली दिसते, ती खरेदीदारही हीच माहिती वाचतो म्हणून. शिवाय रॉयल्टीवर नेहमीच्या उत्पन्नासारखा कर लागतो, विक्रीवर बहुधा भांडवली नफ्याचा. वारशाने हक्क आले असतील तर नफा मोजताना मूळ किंमत म्हणून मालकाच्या मृत्यूच्या दिवशीचे मूल्य धरले जाते, आणि त्याचे मूल्यांकन झाले नसेल तर विक्रीआधी ते करून घ्यावे लागते. सगळे विकण्याची सक्तीही कुणी करू शकत नाही: अर्धे विकून अर्धे ठेवता येते, फक्त तो 'अर्धा' कशाचा, हे वकिलाकडून नीट लिहवून घ्यायचे.