कोट ऑफ मेनी कलर्स

अमेरिकन गायिका डॉली पार्टन यांची कंट्री संगीतातील ख्यातनाम ध्वनिमुद्रिका. आरसीए व्हिक्टर कंपनीने ती ऑक्टोबर १९७१ मध्ये प्रकाशित केली. दहा गीतांपैकी सात स्वतः डॉली यांची, तर तीन त्यांचे सहगायक पोर्टर वॅगनर यांची आहेत.

शीर्षकगीत आत्मकथनपर आहे. टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात, बारा भावंडांच्या गरीब कुटुंबात डॉली वाढल्या. आईने चिंध्या जोडून त्यांना कोट शिवून दिला आणि शिवताना बायबलमधील योसेफाच्या रंगीबेरंगी झग्याची कथा सांगितली. मुलगी तो कोट मिरवीत शाळेत गेली. तेथे मात्र तिच्या वाट्याला थट्टाच आली. दारिद्र्याची बोच आणि आईच्या मायेचा अभिमान यांतील हा ताण गीतात कोणताही आक्रोश न करता व्यक्त होतो. १९६९ मध्ये दौऱ्यावर असताना, कागद हाताशी नसल्याने, हे गीत वॅगनर यांच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीवर लिहिले गेले.

अन्य गीतांतही कथनावर भर आहे. ‘ट्रॅव्हलिंग मॅन’मध्ये नायिकेच्या प्रियकरासोबत तिची आईच निघून जाते.

शीर्षकगीत ‘बिलबोर्ड’च्या कंट्री क्रमवारीत चौथ्या स्थानापर्यंत पोहोचले. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत त्याचा समावेश झाला.